वरच्या हॉलमधला पडदा : प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, २९ जून २०२५

कार्यकारिणीत आज एकदाचं ठरलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कायमचा प्रोजेक्टर आणि पडदा बसवायचा. आजवर प्रत्येक कार्यक्रमाला यंत्र भाड्याने यायचं. टेबलावर दोन जाडजूड कोश, कोशांवर प्रोजेक्टर, समोर भिंतीला पांढरी चादर आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पहिल्या रांगेतल्या कुणाचा तरी अंबाडा. गणेशोत्सवात इंदूरच्या चित्रकारांवर व्याख्यान आहे. १९२७ साली इथे चित्रकला शाळा काढणारे देवळालीकर मास्तर आणि त्यांचे विद्यार्थी असा विषय. बेंद्र्यांसारख्या चित्रकाराची चित्रं चादरीवर दाखवायची नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाकी कशावरच झालं नाही.

गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याआधी सगळं उभं राहायला हवं.

संध्याकाळी टेप घेऊन वर गेले. हॉल २४ फूट लांब, १५ फूट रुंद. छत आपल्या इकडचं जुन्या घाटाचं, लोखंडी गर्डर आणि वर दगडी फर्शी. गर्डर रुंदीच्या दिशेने टाकलेले, साधारण साडेतीन-साडेतीन फुटांवर. गर्डरची खालची कड जमिनीपासून साडेदहा फूट. पश्चिमेच्या भिंतीत जिन्याचं दार, म्हणून पडदा पूर्वेला. दक्षिणेला तीन खिडक्या, पश्चिमेला दाराच्या वर एक रोशनदान, म्हणजे हवा-उजेडाचा झरोका. उत्तरेची पूर्ण भिंत पुस्तकांच्या उघड्या मांडण्यांनी भरलेली.

पुढचे सगळे निर्णय याच परिच्छेदातून निघणार आहेत. यंत्राचं दुकान नंतर.

शनिवार, ५ जुलै

पडदा केवढा, यावर दोन तास. कोशाध्यक्षांच्या भाच्याच्या बंगल्यात १५० इंची आहे, म्हणून आपलाही १५० इंची. कागदावर मांडून दाखवलं. १६:९ चा (रुंदीला उंची) १०० इंची, म्हणजे तेवढ्या कर्णाचा, पडदा २२१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२५ उंच. १५० इंची ३३२ रुंद, १८७ उंच. कर्ण दीडपट, पण क्षेत्रफळ सव्वादोनपट. यंत्राचा उजेड तेवढाच असतो. तो सव्वादोनपट जागेवर पसरला की चित्र निम्म्याहून फिकं.

दुसरा हिशेब शेवटच्या रांगेचा. मजकूर वाचायचा असेल तर शेवटचा माणूस चित्राच्या उंचीच्या सहापटीपलीकडे नसावा, असा या धंद्यातला जुना ठोकताळा. आमची शेवटची खुर्ची पडद्यापासून २२ फुटांवर, म्हणजे ६७० सेंटिमीटर. भागिले सहा, ११२. शंभर इंचीची उंची १२५ आहे, काम भागतं. उलट, पुढे सतरंजीवर बसणाऱ्या पोरांनी १५० इंची पाहिला तर त्यांच्या मानेचा खर्च वेगळा. शंभरावर शिक्कामोर्तब.

पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर. त्याखाली आली की खुर्चीतली डोकी चित्रात.

मग अहिल्याबाईंची तसबीर. ती पूर्वेच्या भिंतीवर मधोमध आहे आणि ३१ मेला, तीनशेव्या जयंतीला, तिला नवी चौकट करून घेतली आहे. ती हलवणार नाही, असं आजींनी (वय ८४, आजीव सभासद) एका वाक्यात सांगितलं आणि त्यावर कुणी बोललं नाही. तेव्हा पडदा वर गुंडाळला जाणारा, हाताने ओढायचा. भिंतीपासून सहा इंच पुढे टांगायचा, म्हणजे उतरताना चौकटीला घासणार नाही. कार्यक्रम संपला की लगेच वर.

सहा इंच टिपून ठेवले. नंतर लागणार.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. रात्रभर पाऊस. तिसऱ्या गर्डरच्या शेजारी फर्शीच्या दर्जेतून, म्हणजे सांध्यातून, ओल, जमिनीवर ताटाएवढा डाग. यंत्र टांगायला नेमका तोच गर्डर मनात होता. गवंडी म्हणतो, गच्चीवरचे सांधे उघडीप मिळाल्याशिवाय नीट भरता येणार नाहीत. तोवर वरून मेणकापड.

रविवार, १३ जुलै

आजचा दिवस उजेडाचा. फोनमधलं लक्स (पडलेल्या उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप घेऊन पडद्याच्या जागी उभी राहिले. ते फार अचूक नसतं, पण आधी किती आणि नंतर किती, एवढं सांगतं. संध्याकाळी साडेपाचला, ढग फाटलेले: खिडक्या उघड्या असताना २२० लक्स. खिडक्यांना सतरंज्या लावल्यावर ९०. म्हणजे उरलेला चोर वर होता. रोशनदान पश्चिमेला, सूर्य पश्चिमेला, पडदा बरोबर समोर. त्यावरही पुठ्ठा लावला तेव्हा १४.

हिशेब वहीत केला. प्रोजेक्टरवर ४००० ल्युमेन (यंत्रातून निघणारा एकूण उजेड) लिहिलेलं असलं तरी तो आकडा सगळ्यात भडक सेटिंगचा. रंग खरे ठेवून, दिवा थोडा मंद करून २२०० धरू. पडद्याचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर, म्हणजे पांढऱ्या जागी सुमारे ८०० लक्स. खोलीचाच उजेड २२० असेल तर काळं म्हणून जे दिसतं तेही २२० आणि पांढरं १०२०. प्रमाण साडेचारास एक. चित्रातला काळा केस राखाडी दिसणार. खोलीचा उजेड १४ वर आणला तर प्रमाण ५८ ला एक. यंत्र तेच, पडदा तोच.

काळं हे प्रोजेक्टर टाकू शकत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळं खोलीला द्यावं लागतं. दुकानदार मात्र हे कधी सांगणार नाही, कारण खिडक्यांच्या पडद्यांच्या कापडात त्याला कमाई नाही.

तेव्हा आधी एम. टी. क्लॉथ मार्केट. तीन पदरी ब्लॅकआउट कापड, खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त आणि वर लाकडी खोका, नाहीतर दांडीवरून उजेडाची पट्टी छतावर पडते आणि छत पांढरं असलं की तिथून पडद्यावर. पूर्वेच्या भिंतीला मॅट गडद राखाडी रंग. तसबीर त्यावर जास्तच उठून दिसेल, हे सांगितल्यावर रंगाला आजींची मंजुरी मिळाली.

रोशनदान पूर्ण बंद केलं तर गुदमरायला होतं, ही तक्रार रास्त आहे. पन्नास माणसं, ऑगस्टचा दमटपणा. सुताराकडून दोन तिरक्या प्लायच्या फळ्या बसवून घ्यायच्या, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेर, उलट-सुलट तिरप्या, मॅट काळ्या रंगवलेल्या. हवा वळसा घेऊन येते. उजेड दोनदा काळ्यावर आपटतो आणि तिथेच संपतो.

शनिवार, १९ जुलै

यंत्र ठरलं. महाराणी रोडवर एका दुकानात दोन प्रकारची यंत्रं शेजारी-शेजारी लावून पाहता आली, हे चांगलं झालं.

एका चिपच्या डीएलपी प्रकारात फिरतं रंगचक्र असतं. लाल, हिरवा, निळा आणि बहुतेक वेळा एक पांढरा भाग. त्या पांढऱ्या भागामुळे कोरा कागद लखलखीत दिसतो, पण रंगांना तेवढा उजेड मिळत नाही. हिशेबाचे तक्ते दाखवायला झकास. आम्ही तर चित्रं दाखवणार. शिवाय काहींना डोळे हलवताना रंगांचे तुकडे चमकून दिसतात, मला दिसतात. एलसीडी प्रकारात चित्र घडवणारी तीन पॅनेल असतात, त्यामुळे लाल, हिरवा, निळा तिन्ही एकाच वेळी पडतात, पांढरं आणि रंगीत यांचा उजेड सारखा. तोच घेतला. फुल एचडी, दिव्याचा. लेझरवाला दिवा बदलायच्या कटकटीतून सोडवतो, पण आमच्या आठवड्याच्या दोन-तीन तासांसाठी ती जास्तीची रक्कम पडद्या-खिडक्यांत घालणं शहाणपणाचं.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्तातल्या खेळण्यांवर ‘९००० ल्युमेन’ छापलेलं असतं. विचारायचं, कोणत्या मानकाने मोजलेले, एएनएसआय की आयएसओ? उत्तर न मिळाल्यास पुढच्या दुकानात.

आता गर्डर. अंतर भागिले चित्राची रुंदी, हे गुणोत्तर या यंत्राला १.३२ ते २.१४ चालतं. तिसरा गर्डर भिंतीपासून साडेदहा फूट, ३२० सेंटिमीटर. तसबिरीचे सहा इंच वजा, यंत्र ज्या दांड्याला टांगायचं त्याच्या पुढे भिंग येतं ते १२ सेंटिमीटर वजा, उरले २९३. भागिले २२१, १.३३. बसतं, पण काठावर. ब्रॅकेटचे हात मागे वळवून भिंग दांड्याखाली आणलं की १.३८. चौथ्या गर्डरवर नेलं तर लांबी चालते, पण तिथे यंत्र प्रेक्षकांच्या डोक्यावर, पंख्याचा घरघराट कानात. तिसराच.

रविवार, २७ जुलै

फर्शीत भोक पाडायचं नाही, हे मला ठाऊक होतं. इलेक्ट्रिशियनने येताच तेच सांगितलं. ‘‘ताई, फर्शी में ड्रिल मत करवाना, चटक जाएगी.’’ दगडाची पाटी दोन गर्डरांवर टेकलेली असते, हॅमर ड्रिलने चीर गेली की तिला आधार कशाचाच नाही.

वेल्डर म्हणाला, गर्डरलाच दांडा वेल्ड करतो, अर्ध्या तासाचं काम. ठिणग्या कुठे जातील, ते त्याला बोटाने दाखवलं. मांडणीवर १९५०-६० च्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, सुकलेल्या पानांचे. हॉलमध्ये वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही. जे काय जोडायचं ते त्याच्या शेडमध्ये.

त्याने केलेला शिकंजा छान आहे. गर्डरच्या खालच्या पंखाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या सहा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या, चार बोल्ट, खाली दीड इंची पाइप सव्वादोन फुटांचा. भिंग पडद्याच्या वरच्या कडेच्या पातळीत, आठ फुटांच्या जरा वर यायला हवं म्हणून एवढी लांबी. बोल्ट आवळण्यापूर्वी गर्डरवरचा जुना रंग आणि गंज तारेच्या ब्रशने खरवडला. रंगाच्या पापुद्र्यावर आवळलेला बोल्ट महिन्याभरात ढिला पडतो. प्रत्येक बोल्टला दुहेरी नट. यंत्र तीन किलोच्या आसपास, पण वेल्डर स्वतः पाइपला लोंबकळला आणि हसला. सुरक्षेची तार वेगळ्या छोट्या शिकंज्याला.

वर पत्र्याची लहानशी छत्री, यंत्रापासून वीतभर वर, गरम हवा कोंडू नये म्हणून. दर्ज भरली गेली आहे, तरी इंदूरच्या पावसावर आणि गवंड्याच्या शब्दावर एकदम विश्वास ठेवायचा नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

आजची नोंद लांबणार.

तिसऱ्या गर्डरच्या बरोबर मध्यावर पंख्याचा जुना हूक आहे, रिव्हेट मारलेला. पंखा काढला, हूक कापायला ग्राइंडर लागतो आणि ग्राइंडर मना आहे. त्यामुळे शिकंजा मध्यापासून सात इंच डावीकडे बसला. चित्रही भिंतीवर सात इंच डावीकडे.

सहसचिवांचं म्हणणं, त्यात काय, यंत्र थोडं उजवीकडे वळवा आणि कीस्टोनने सरळ करा. रिमोटवर बटण आहे. पाच जणांनी माना डोलावल्या. म्हणून तसं करून दाखवलं. लॅपटॉपवर बारीक अक्षरांत मराठीच्या आठ-दहा ओळी, आणि सगळ्यांना पडद्याच्या जागेपासून चार फुटांवर उभं केलं.

कीस्टोन काय करतो? वळलेल्या यंत्राचं चित्र एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकं पडतं. ते चौकोनी दिसावं म्हणून यंत्र आपल्याच पॅनेलवर उलटं तिरकं चित्र काढतं. पॅनेलचे ठिपके मात्र चौकटीत रोवलेले; ते तिरके होत नाहीत. मग आडवी रेघ काढायची तर ती काही अंतर एका ओळीत, मग एक ठिपका खाली, पुन्हा काही अंतर, पुन्हा खाली. इंग्रजीत हे फारसं कळत नाही, कारण तिथे अक्षरं सुटी असतात. आपली शिरोरेखा ओळभर चालते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाच्या डोक्यावर एक पायरी होती, ‘इंदूरकर’ वर दुसरी, आणि पायरीपाशी रेघ धुरकट, जाड. तळाच्या ओळीत, जिथे सबटायटल येतात, तिथे सगळ्यात वाईट. शिवाय चौकोनाबाहेर राखाडी उजेडाची पाचर, कारण पॅनेलचा तो भाग वापरला जात नसला तरी पूर्ण काळा होत नाही.

मग यंत्र पुन्हा भिंतीला काटकोनात, कीस्टोन शून्य. रेघ सुईने ओढल्यासारखी. आजी म्हणाल्या, ‘‘हे वाचता येतंय.’’

तर पडदाच सात इंच डावीकडे सरकवायचा. पडद्याची पट्टी अजून ठोकली नव्हती, ती मुद्दामच थांबवली होती; आधी यंत्र जिथे बसतं तिथे बसवायचं, त्याचा चौकोन भिंतीवर पेन्सिलने आखायचा, मग त्या चौकोनावर पडदा. बहुतेक ठिकाणी पडदा आधी टांगतात, भिंतीच्या मधोमध, दिसायला छान म्हणून, आणि मग आयुष्यभर बटणं दाबत बसतात.

तसबीर आता पडद्याच्या मध्यावर नाही, हे सहसचिवांनी दोनदा सांगितलं. पडदा खाली असताना तसबीर दिसतच नाही, हे मी एकदा सांगितलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पडद्यासाठी सागवानी पट्टी. भिंत दीड फूट जाड, विटा आणि चुना. प्लास्टिकची साधी गिट्टी (स्क्रू धरणारी खुंटी) चुन्यात गरगर फिरते. हॅमर बंद ठेवून, सांधा टाळून थेट विटेत भोक, लांब गिट्टी, लांब स्क्रू. पट्टीला सहा इंची ब्रॅकेट. पाणसळ लावून पाहिली तर पडदा सरळ, छताशी तिरका. छतच तिरकं आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. कुणीही आलं नाही, येणार नव्हतंच.

सोमवार, ११ ऑगस्ट

केबल. वक्ता पडद्याशेजारी उभा राहणार, लॅपटॉप तिथेच. तिथून भिंतीने वर, गर्डरच्या कडेने यंत्रापर्यंत जवळपास दहा मीटर, वळणं धरून जास्त. तांब्याची साधी एचडीएमआय एवढ्या लांबीला कधी चालते, कधी डोळे मिचकावते. १५ मीटरची ऑप्टिकल, म्हणजे आत काचेचे तंतू असलेली, आणली. तिला दिशा असते, एका टोकावर यंत्राची खूण, दुसऱ्यावर लॅपटॉपची. उलटी घातली तर काहीच दिसत नाही. म्हणून भिंतीत घालण्याआधी जमिनीवर पसरून अर्धा तास चालवून पाहिली.

इलेक्ट्रिशियनने २० मिलिमीटरचा पाइप आणला होता. तार जाते, टोक जात नाही. मग रुंद केसिंग-पट्टी, कोपऱ्यात काटकोनी वाकवणी न देता सैल वळण. आतली काच एकदा मोडली की केबल कचऱ्यात.

स्पीकरमध्ये घूं असा अखंड आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद, लावला की सुरू. लॅपटॉप एका बोर्डावर, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यावर, दोन्ही बोर्डांचं अर्थिंग वेगळ्या वाटेने. मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८ व्होल्ट. ते दोन-चारच्या वर असायला नको. म्हणजे घूं हा फक्त निरोप्या होता. अंगणात नवा अर्थिंगचा खड्डा, आणि लॅपटॉप, अ‍ॅम्प्लिफायर, प्रोजेक्टर तिन्ही एकाच बोर्डावर यूपीएसमधून. आवाज गेला. कार्यकारिणीत या खर्चावर प्रश्न येईल. ३८ हा आकडा वाचून दाखवायचा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर खिडक्यांचे पडदे लागले. भर दुपारी पडद्याच्या जागी ११ लक्स. पोरांनी लगेच अंधारात लपाछपी सुरू केली.

काढलेल्या पंख्याच्या बदल्यात भिंतीवरचे दोन पंखे. त्यांच्या वाऱ्याने पडदा हलतो आणि चित्रातली माणसं श्वास घेतात. पुढचा पंखा मागे तोंड करून बसवला, पडद्याच्या खालच्या दांडीला दोन्ही टोकांना बारीक दोरी आणि भिंतीत हूक.

रविवार, २४ ऑगस्ट

रंग. व्याख्यात्यांनी छायाचित्रं पाठवली आहेत. यंत्र पेटीतून येतं तेव्हा ‘डायनॅमिक’ सेटिंगवर असतं. दुकानात डोळ्यांत भरावं म्हणून. त्यात पांढऱ्यावर हिरवट झाक, चित्रांतली पिवळी माती शेवाळलेली आणि माणसांचे चेहरे काविळीचे. ‘सिनेमा’ वर नेल्यावर उजेड उतरला, खोली काळी असल्यामुळे तो उणा वाटला नाही. पांढऱ्या कागदाचा फोटो लावून आणि शेजारी खरा कागद धरून निळा थोडा चढवला, हिरवा एक घर खाली.

बेंद्र्यांचा जन्म इंदूरचा, १९१०. १९५० मध्ये ते बडोद्याला शिकवायला गेले. व्याख्याते त्यांची इथली आणि तिथली चित्रं शेजारी-शेजारी दाखवणार आहेत. रंग बदलले ते चित्रकाराने की आमच्या यंत्राने, अशी शंका कुणाला यायला नको, म्हणून तीन तास यात गेले आणि ते जास्त नाहीत.

रविवार, ३१ ऑगस्ट

व्याख्यान झालं. हॉल भरला, जिन्यावरही माणसं. मध्येच वीज गेली. यूपीएसवर यंत्र चालू राहिलं, पंखे थांबले, लोकांना वीज गेल्याचं घामावरून कळलं. शेवटच्या रांगेतले एक काका चित्रांखालच्या ओळी शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. व्याख्यात्यांना त्याचा त्रास झाला, मला नाही.

उरलेली कामं: यंत्राची हवेची जाळी महिन्यातून एकदा ब्रशने, कपाटं झटकण्याच्या दिवशी यंत्रावर कापड. गच्चीचे सांधे ऑक्टोबरमध्ये पुन्हा नीट. शिकंज्याचे बोल्ट दिवाळीच्या सफाईत तपासायचे. रिमोट कार्यालयाच्या कपाटात, किल्ली आजींकडे. सहसचिवांनी मागितला तर आजी विचारतील, कशाला.